फूटपाथखाली काच आहे, खोदण्याआधी विचारा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात आमच्या ऐरोलीत गटाराच्या कामाला जेसीबी आला आणि तासाभरात आमच्या लाइनीतल्या चार सोसायट्यांचं नेट गेलं, राउटरवर लाल लाईट लागला तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तसाच. मी दहावीचे क्लास घेते, संध्याकाळची ऑनलाइन बॅच बुडाली ते एक वेळ ठीक, पण समोरच्या बिल्डिंगमधल्या मुलीचा नोकरीचा इंटरव्ह्यू होता, तो गेला. कामावरच्या माणसाला विचारलं तर म्हणाला, "वायर तर आहे ताई, जोडून टाकतील." हे वाक्य काही डोक्यातून जाईना म्हणून हे पत्र.

ती वायर नाहीये, काच आहे, ऑप्टिकल फायबर म्हणतात ते, आपलं नेट त्या काचेच्या धाग्यांतून प्रकाशाच्या रूपात येतं. दुसऱ्या दिवशी जोडणारा मुलगा आला, प्लास्टिकच्या स्टुलावर मशीन ठेवून फूटपाथवरच बसला, मी दोन तास तिथेच उभी होते. केबलमध्ये २४ धागे, निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी असे रंग दिलेले, आणि प्रत्येकाच्या आतली काच मिलिमीटरचा फक्त आठवा भाग जाड. त्यातही प्रकाश जातो तो मधल्या गाभ्यातून, तो साधारण ९ मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही कितीतरी बारीक. वरचं कव्हर सोलायचं, स्पिरिटने पुसायचं, टोक एकदम सरळ कापायचं, मग मशीन दोन टोकं समोरासमोर आणून ठिणगीने वितळवून जोडतं. जेसीबीने केबल नुसती तोडली नव्हती, ओढून ताणली होती, त्यामुळे मध्ये नवीन तुकडा टाकावा लागला, म्हणजे प्रत्येक धाग्याला दोन जोड, एकूण ४८, आणि खाली चिखल, वर धूळ. मी त्याला चहा आणून दिला, हात पुसल्याशिवाय कपाला हात लावला नाही पोराने.

आजूबाजूची मुलं तुटलेलं टोक डोळ्याजवळ नेऊन आत लाईट दिसतो का बघत होती, त्यांना आधी लांब केलं. त्यातला प्रकाश इन्फ्रारेड असतो, दिसत नाही पण डोळ्याला इजा करू शकतो.

हे चालतं कसं, तर आपण दहावीला क्रांतिक कोन आणि पूर्ण आंतरिक परावर्तन शिकवतो तेच, म्हणजे ठराविक कोनापेक्षा तिरका आलेला प्रकाश बाहेर न पडता पूर्ण परत फिरतो. घरी फिश टँक असेल तर खालच्या बाजूने तिरकं वर बघा, पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा चकचकीत दिसतो. फायबरमध्ये गाभ्याच्या काचेभोवती थोड्या वेगळ्या काचेचं आवरण असतं, तिरका प्रकाश बाहेर पडायला गेला की परत आत वळतो. आरसा दरवेळी थोडा प्रकाश खातो, इथे जवळजवळ काहीच जात नाही, म्हणून लांबचा पल्ला जमतो.

खरी अडचण काचेचीच होती. खिडकीच्या काचेची कड हिरवट दिसते ना, तो आतल्या लोखंडाच्या अंशाचा परिणाम, असली काच प्रकाश गिळते. आपल्या पंजाबात मोग्याला जन्मलेल्या शास्त्रज्ञ नरिंदरसिंग कपानींनी १९५४ मध्ये लंडनला हॅरोल्ड हॉपकिन्स या शास्त्रज्ञांबरोबर काचेच्या धाग्यांच्या जुडीतून चित्र पाठवून दाखवलं, पण ते अंतर अगदी थोडं. १९६६ मध्ये चार्ल्स काव या शास्त्रज्ञांनी सांगितलं की दोष काचेतल्या अशुद्धीचा आहे, ती काढा मग बघा. त्यांना २००९ चं नोबेल मिळालं. आजच्या फायबरमध्ये १५ किलोमीटर गेल्यावरही निम्मा प्रकाश शिल्लक असतो, त्यामुळेच समुद्राच्या तळातून मुंबईपर्यंत केबली येतात. माझ्या वडिलांच्या पोटात दुर्बीण टाकली तेव्हा आत उजेड पोचवणारे धागेही याच जातीचे. आणि पूर्वी पावसाळ्यात लँडलाईनला जी खरखर यायची ती इथे नाही, कारण आत वीजच नाही.

फायबरला वळण मात्र सोसत नाही. त्या मुलाने धाग्यात लाल लेझर सोडला आणि बोटाभोवती घट्ट गुंडाळला, तर वळणावर काच लाल उजळली, म्हणजे तेवढा प्रकाश तिथूनच बाहेर. आपण टीव्हीच्या मागे केबल दुमडून कोंबतो, झाडांना तारेने आवळून बांधलेली पण दिसते, नेट स्लो झालं की शिव्या कंपनीला.

माझी मागणी एवढीच आहे की खोदणाऱ्याने आधी विचारावं. केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' ॲप त्यासाठीच काढलंय, जागा टाकली की तिथे ज्यांच्या लाइनी आहेत त्यांना मेसेज जातो. वॉर्ड ऑफिसने खोदकामाची परवानगी देताना ही नोंद केली का ते बघावं, आणि केबल जिथून जाते तिथे आधी हाताने खोदायला लावावं. आमच्या रस्त्याचं अर्धं गटार अजून बाकी आहे, जेसीबी कोपऱ्यावरच उभा आहे आणि नवीन जोडाचा डबा त्याच्यापासून दहा पावलांवर पुरलाय.

– दहावीचे क्लास घेणारी एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई