जोत्याची उंची सगळे मोजतात, पोटात काय भरलंय ते कोण बघणार?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्याकडे एका वाचकाचं पत्र छापून आलं होतं, की पावसाळ्यात घरात पाणी नको असेल तर गावठाणातल्या आणि बैठ्या चाळीतल्या लोकांनी सरळ जोतं, म्हणजे घराचा चौथरा, तीन फूट उचलून घ्यावं, एकदाच काय तो खर्च, पुन्हा कटकट नाही. वाचून हसू पण आलं आणि राग पण आला, कारण मी नेमकं तेच केलं आणि आज माझ्या हॉलची लादी मधोमध दीड इंच खाली बसलेली आहे. घरात गोटी ठेवली की आपली आपण कपाटाकडे जाते, नातवाला मजा वाटते.

आता तुम्ही म्हणाल फसला असेल म्हातारा, त्याला काय कळतंय. तर साहेब, मी ३१ वर्षं साईट सुपरवायझर म्हणून काढली, मालाड, कांदिवली, ठाणे, जिथे काम मिळेल तिथे, पायाच्या खड्ड्यापासून गच्चीच्या वॉटरप्रूफिंगपर्यंत सगळं नजरेखालून गेलंय आणि दुसऱ्यांच्या घराची भरणी करताना मुकादमांना मी एवढा छळलाय की मागे मला काय नाव ठेवलं होतं ते इथे लिहिता येणार नाही. आणि स्वतःच्या गोराईच्या घराच्या वेळी नेमकं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. चार दिवस डोळ्याला पट्टी. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला काका तुम्ही आराम करा, मी फोटो पाठवतो, आणि पाठवले पण, व्हॉट्सॲपवर, जोतं काठोकाठ भरलेलं, वरून लाल मुरूम एकदम सपाट, कॅरम बोर्डसारखं. मुलीने फोटो बघून सांगितलं बाबा मस्त झालंय, मी पण म्हटलं चला सुटलो. वरून सपाट दिसणं आणि खाली घट्ट असणं यात किती फरक असतो हे ज्याने आयुष्यभर लोकांना सांगितलं त्याने फोटोवर विश्वास ठेवला, यात चूक माझीच आधी.

पहिला पावसाळा बरा गेला. दुसऱ्या पावसाळ्यात गणपतीच्या आसपास स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायाशी लावलेली लादीची पट्टी, आणि लादीच्या मधे बारीक फट दिसायला लागली, आधी पोस्टकार्ड जाईल एवढी, मग दहाचं नाणं, मग बोट. लादीवर काठी आपटली की कडेला ठण वाजायचं आणि मधे भद्द. भिंतींना मात्र एक तडा नाही. लोक इथेच चकतात, भिंतींना काही नाही म्हणजे घर चांगलं आहे असं म्हणतात. भिंत उभी असते प्लिंथ बीमवर, म्हणजे जोत्याच्या आडव्या काँक्रीटच्या तुळईवर, बीम कॉलमवर आणि कॉलम खाली कठीण जमिनीपर्यंत गेलेल्या फुटिंगवर, म्हणजे पायाच्या काँक्रीटवर, त्यामुळे ती हलत नाही, पण मधली फरशी नुसती भरावावर पडलेली असते, भराव बसला की तीही बसणार, तिला दुसरा आधारच नाही.

शेवटी मे महिन्यात हॉलचा एक कोपरा फोडला. वरचा मुरूम फक्त सात इंच. त्याच्या खाली रॅबिट, म्हणजे डेब्रिज, राडारोडा, आणि कसलं रॅबिट तर कोणाच्या तरी फ्लॅटचं तोडकाम उचलून आणून ओतलेलं. अर्धं वॉश बेसिन, कमोडचा तुकडा, विटांची आख्खी ढेकळं मसाल्यासकट, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, नारळाच्या करवंट्या, ट्यूबलाईटची चोक, एक डाव्या पायाची चप्पल आणि दरवाज्याच्या चौकटीचे तुकडे, त्यांना वाळवी. बेसिन पालथं पडलेलं होतं, त्याच्या खाली एवढी पोकळी की माझा हात कोपरापर्यंत आत गेला. अशा मोठ्या तुकड्यांच्या मधे जागा राहते, वरून पाणी मुरतं, बारीक माती त्या पोकळ्यांत वाहून जाते आणि वरची जमीन गुपचूप खाली येते, एका दिवसात नाही, दोन-चार पावसाळे घेऊन. आणि लाकूड भरावात सोडणं म्हणजे वाळवीला घरजावई करून घेणं, माझ्या किचनच्या चौकटीला ती लागली पण.

कॉन्ट्रॅक्टरने हे का केलं ते पण सांगतो, त्यात गूढ काही नाही. गोराईत बोटीतून माणसं येतात, मुरूम येत नाही, डंपरला भाईंदर-उत्तनवरून वळसा घालून यावं लागतं, म्हणजे प्रत्येक फेरीला डिझेल आणि वेळ. उलट मुंबईत रोज कोणाचं ना कोणाचं रिनोव्हेशन चालू असतं आणि तोडकाम करणारा माणूस रॅबिट उचलायचे वर पैसे देतो. म्हणजे तिकडून उचलायचे पैसे घ्यायचे, इकडे ओतून मुरुमाचे पैसे घ्यायचे, दोन्ही हातात लाडू. नियम नाहीत असं नाही, बांधकामाच्या कचऱ्याचे केंद्राचे नियम २०१६ लाच आले, त्याच वर्षी हायकोर्टाने डम्पिंगच्या प्रश्नावरून मुंबईत नवीन बांधकामांच्या परवानग्या थांबवल्या होत्या, २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ढील दिली ती पण डेब्रिज कुठे टाकणार ते आधी दाखवा या अटीवर. मोठ्या टॉवरवाल्याला हे कागद दाखवावे लागतात. माझ्या हॉलखाली आलेल्या दोन-तीन डंपरांना कोणी विचारलं?

रॅबिट म्हणजे वाईटच असंही माझं म्हणणं नाही. विटा, काँक्रीट बारीक फोडून, लाकूड-प्लास्टिक-चिंध्या वेचून, मुरुमाबरोबर थराथराने दाबलं तर ते चालतं, मी स्वतः वापरलंय. प्रश्न मालाचा अर्धा आणि कुटाईचा अर्धा.

तर भरणी कशी व्हायला पाहिजे. सगळ्यात आधी जमीन खरवडायची, गवत, मुळं, काळी माती काढून टाकायची, हात-दीड हात जावं लागलं तरी चालेल पण खाली घट्ट लागलं पाहिजे. आमच्याकडे खाडीच्या बाजूला खाजणातला चिखल असतो, तो पाण्याने फुगतो आणि उन्हाने आकसतो, त्याच्यावर सोन्याचा भराव घातला तरी तो हलणारच. मग मुरूम टाकायचा तो एकदम नाही, सात-आठ इंच सैल टाकायचा, तो दाबून सहाएक इंच होतो, मग पुढचा थर. प्रत्येक थराला पाणी मारायचं, पण चिखल करायचा नाही. आमच्या जुन्या मुकादमाची परीक्षा साधी होती, मूठभर मुरूम घेऊन दाबायचा, लाडू झाला पाहिजे, आणि हातातून खाली सोडला की फुटला पाहिजे. लाडू होतच नाही म्हणजे पाणी कमी, बोटांमधून पाणी ओघळलं म्हणजे जास्त. मग प्लेट कॉम्पॅक्टर, म्हणजे जमीन दाबायचं मशीन, फिरवायचा, नसेल तर धुम्मस, म्हणजे हाताने कुटायचं दांड्याचं वजन, आणि कॉलमच्या भोवती, बीमला लागून, कोपऱ्यात तर धुम्मसच, कारण तिथे मशीन पोचत नाही आणि नेमकी तिथेच फरशी आधी सुटते. टाच आपटून बघायची, टाच रुतली तर पुन्हा कुटा. मोठ्या कामावर यासाठी वाळूची टेस्ट करतात, छोटा खड्डा घेऊन निघालेल्या मुरुमाचं वजन करायचं, मापातली वाळू भरून खड्ड्याचं माप काढायचं आणि लॅबमधे तो मुरूम जेवढा घट्ट होतो त्याच्या ९५ टक्के तरी घट्ट झालाय का ते बघायचं. छोट्या घराला एवढं कोणी करत नाही, पण लाडू आणि टाच फुकट आहे.

आणि हिशोब. माझं जोतं आतून २० बाय २५ फूट, भराव तीन फूट, म्हणजे १५०० घनफूट, १५ ब्रास. सैल मुरूम दाबला की बसतो म्हणून १८-१९ ब्रास तरी आणावा लागतो. माझ्या बिलात १९ ब्रास लावलेला आहे, बरोब्बर, शाळेतल्या गणितासारखा. पण शेजारच्या पोराने नंतर सांगितलं की काका मुरुमाचे दोनच डंपर आले होते, एक संध्याकाळी आणि एक सकाळी, बाकी सगळं ताडपत्री झाकून रात्री आलं. तीन फुटाचे सहा थर, प्रत्येकाला पाणी आणि कुटाई, चार दिवसांचं तरी काम, ते जेसीबीने एका दुपारी लोटलं, वर टायर फिरवला, झाली कुटाई.

आता दुसरी गोष्ट, ती मला लिहायला जास्त जड जाते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हापासून मुंबईत ज्याला त्याला जोतं उचलायचं वेड लागलंय, रस्ता पण दरवेळी डांबराचा नवा थर घेऊन वर येतो, मग घर वर, मग पुन्हा रस्ता वर. नॅशनल बिल्डिंग कोड जोतं आजूबाजूच्या जमिनीपासून किमान ४५ सेंटिमीटर, म्हणजे दीड फूट वर ठेवा म्हणतो आणि जागेचा निचरा नीट झाला पाहिजे हे पण म्हणतो, लोक पहिलं अर्धं वाचतात. मी पण वाचलं नाही. घराबरोबर अंगणात पण दीड फूट भराव घातला आणि त्यात आमच्या दोन घरांच्या मधून जाणारा जुना ओहोळ बुजला, वीतभर रुंद, कोरडा असायचा म्हणून मला तो ओहोळ वाटलाच नाही. जूनमधे पहिल्या मोठ्या पावसात माझ्या अंगणातलं सगळं पाणी शेजारच्या काकूंच्या ओट्यावर गेलं. काकू भांडल्या नाहीत, नुसत्या झाडू घेऊन पाणी काढत बसल्या, त्याचंच जास्त लागलं.

माझे वडील आरे कॉलनीत तबेल्यात कामाला होते, गोठ्याची जमीन केली की ते म्हशी बांधायच्या आधी एक बादली पाणी ओतून उकिडवे बसून बघायचे, पाणी कुठे जातंय, कुठे थांबतंय, जिथे थांबलं तिथे चुन्याने खूण, गवंडी पुन्हा बोलवायचा. म्हशीच्या पायाखाली पाणी थांबलं तर खूर कुजतात म्हणायचे. आणि भरावाला एक पावसाळा पाजायचा मग त्यावर काम करायचं, हे पण त्यांचंच. म्हशीसाठी जेवढं बघितलं तेवढं मी स्वतःच्या घरासाठी बघितलं नाही.

काकूंच्या बाजूचं मी आता नीट करून घेतलंय. लेव्हल पाईप धरून, म्हणजे पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांना, घरापासून बाहेर तीन फुटाला एक इंच उतार दिला, भिंतीला लागून कोबा, म्हणजे सिमेंट-काँक्रीटची जमीन, केला, आणि ओहोळ पुन्हा उकरून पार खालच्या गटारापर्यंत मोकळा केला. कोब्यावर बादली ओतून पण बघितली, काकूंना शेजारी उभं करून.

माझी मागणी एवढीच आहे की परवानगीच्या कामात आधी जोत्यापर्यंतच बांधायला देतात आणि जोतं तपासूनच पुढचं सोडतात, ती तपासणी टेपची असते, लांबी, रुंदी, मार्जिन म्हणजे भोवती सोडलेली मोकळी जागा. तिथेच भरावाच्या प्रत्येक थराचा फोटो, शेजारी फूटपट्टी उभी करून, आणि मुरुमाची चलनं मागा. रिपेअरच्या नावाखाली जोतं उचलणाऱ्यांकडून पण मागा. शेजारच्याच्या पाण्याची वाट कुठून जाते ते नकाशावर एका रेघेने दाखवायला लावा. खर्च काही नाही, फोटो तसेही सगळे काढतातच, फक्त वरचा सपाट न काढता पोटातले काढायचे.

कॉन्ट्रॅक्टर फोन उचलत नाही. किचन आणि अर्धा हॉल फोडून नवीन भरून झाला, सहा थर, यावेळी मी खुर्ची टाकून बसलो होतो, दोन्ही डोळ्यांनी. उरलेला अर्धा हॉल आणि मधली खोली पैसे जमले की दिवाळीनंतर करू, तोपर्यंत तिथल्या कपाटाच्या एका पायाखाली तुमच्याच रविवारच्या पुरवणीची घडी घातलेली आहे, आधी चार पदरी होती, परवा सहा करावी लागली.

आपला नियमित वाचक,
एक रिटायर्ड साईट सुपरवायझर, गोराई