एटीपी ही तिजोरी नव्हे

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

“एटीपीच्या बंधात ऊर्जा साठवलेली असते” हे वहीतलं वाक्य आधी खोडून टाक. एटीपी म्हणजे पेशीत ऊर्जेची देवाणघेवाण करणारा, तीन फॉस्फेट असलेला रेणू. कुठलाही रासायनिक बंध तोडायला ऊर्जा घालावीच लागते. एटीपीची पाण्याशी अभिक्रिया होऊन एडीपी (एक फॉस्फेट कमी असलेला रेणू) आणि फॉस्फेट होतात, तेव्हा नवे बंध जुळतात, शेजारच्या ऋण प्रभारांची रेटारेटीही कमी होते. त्या जमाखर्चात ऊर्जा उरते. प्रमाण स्थितीत मोलमागे ३०.५ किलोज्यूल, जिवंत पेशीत मात्र ५० च्या आसपास. हा फरक पडतो, कारण पेशी एटीपीचं प्रमाण एडीपीच्या मानाने सतत चढं ठेवते. तो असमतोल गेला की ऊर्जाही गेली.

म्हणूनच ही तिजोरी नव्हे, हातातली सुटी नाणी. मोठ्या माणसाच्या शरीरात एका वेळी शंभरेक ग्रॅम एटीपी असतं, पण दिवसभरात साधारण त्या माणसाच्या वजनाइतकं बनतं आणि खर्चही होतं.

आता तुझा खरा प्रश्न: एका ग्लुकोजमागे एटीपी किती, ३८ की ३२? ग्लुकोजच्या एका रेणूचे पेशीद्रव्यात दहा पायऱ्यांत दोन पायरुव्हेट होतात. सुरुवातीला २ एटीपी घालावे लागतात, पुढे ४ मिळतात, निव्वळ २. पायरुव्हेटचं पुढचं विघटन ज्यात होतं त्या क्रेब्ज चक्रातून आणखी २. बाकीचं सगळं १० एनएडीएच आणि २ एफएडीएच२ या वाहक रेणूंनी आणलेल्या इलेक्ट्रॉनांवर. तंतुकणिकेच्या (मायटोकाँड्रियाच्या) आतल्या पटलातून हे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनपर्यंत जाताना प्रोटॉन बाहेर ढकलले जातात: एका एनएडीएचमागे १०, एफएडीएच२ मागे ६. प्रोटॉन परत आत येतात ते एटीपी सिंथेज, म्हणजे एटीपी बनवणारं विकर (एन्झाइम), फिरवत. एक एटीपी बनवून पेशीद्रव्यात पोचवायला सुमारे ४ प्रोटॉन लागतात. म्हणजे एनएडीएचचे २.५, एफएडीएच२ चे १.५. बेरीज कर: २५ अधिक ३ अधिक ४, बत्तीस. पेशीद्रव्यातल्या दोन एनएडीएचचे इलेक्ट्रॉन आडवाटेने शिरले तर तीस. जुन्या पुस्तकांनी ३ आणि २ असे पूर्णांक धरले, म्हणून ३८. परीक्षकाला ३८ हवे असतील तर लिही बापडी, पण उत्तर जुनं आहे हे ध्यानात ठेव.

पटलाला गळती लागली तर? डायनायट्रोफिनॉल हे रसायन नेमकं हेच करतं. प्रोटॉन सिंथेजला वळसा घालून आत येतात, इंधन जळत राहतं आणि एटीपीऐवजी उष्णता होते. १९३० च्या दशकात अमेरिकेत वजन उतरवायला ते विकलं जायचं. अंगातला ताप अनावर होऊन माणसं दगावली. नवजात बाळाचा तपकिरी मेद हीच युक्ती बेताने वापरून ऊब मिळवतो. सायनाइडची तऱ्हा उलटी: ते इलेक्ट्रॉन ऑक्सिजनपर्यंत नेणाऱ्या साखळीचा शेवटचा दुवा अडवतं, त्यामुळे रक्तात ऑक्सिजन असूनही पेशीला तो वापरता येत नाही.

ऑक्सिजन अपुरा असताना बनणाऱ्या लॅक्टेटबद्दल एवढंच: पायरुव्हेटचं लॅक्टेट होताना एकही एटीपी मिळत नाही. एनएडीएचमधले इलेक्ट्रॉन उतरवून एनएडी मोकळं व्हावं म्हणून ही धडपड; ते नसेल तर ग्लुकोजचं विघटन सहाव्या पायरीवरच अडतं.

खरा साठा ग्लायकोजेन आणि मेद यांचा. ग्लायकोजेन यकृतात सुमारे १०० ग्रॅम, स्नायूंत ४०० च्या आसपास, आणि दर ग्रॅमला तिपटीएवढं पाणी चिकटलेलं. म्हणजे २ किलो ओझं वाहून हाती २,००० किलोकॅलरी. मेदात तेवढ्याच ऊर्जेला सव्वादोनशे ग्रॅम पुरतात. मग पेशी सगळं मेदातच का साठवत नाही? मेद ऑक्सिजनशिवाय जळत नाही, आणि तंतुकणिकाच नसलेल्या तांबड्या पेशींना तो निरुपयोगी. रक्तातली साखर सावरायलाही स्नायूंचा साठा थेट कामी येत नाही. ग्लुकोज-६-फॉस्फेटवरचा फॉस्फेट काढणारं विकर यकृतात असतं, स्नायूंत नसतं. आणि फॉस्फेट लागलेलं ग्लुकोज पेशीच्या बाहेर पडू शकत नाही.

तुझी,
आई