'राव' आडवा आला

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

सहीचा कागद पाठवू नकोस. रजा टाकून वकिलातीत जाणार होतास, तेही रद्द कर. बाबांच्या एफडीचं काम झालं.

पाच खेपा झाल्या. पहिल्या खेपेला काउंटरवरच्या मुलीने मृत्यूचा दाखला आणि पावती शेजारीशेजारी ठेवली. पेनाचं टोक एकदा इकडे, एकदा तिकडे. दाखल्यावर नावापुढे 'राव' आहे, पावतीवर नाही. "आजी, हे दोघे एकच कशावरून?" जन्मभर ज्यांना कुणी राव लावलं नाही, त्यांना गेल्यावर मान मिळाला आणि तोच आडवा आला बघ. केलं ॲफिडेव्हिट. 2024च्या ऑक्टोबरपासून स्टँपपेपर 100चा जाऊन 500चा झालाय, हे टायपिंगवाल्याकडे कळलं.

मग म्हणे कोर्टाचा वारस दाखला आणा, हमीपत्रावर तुझी नि ताईची सही, वर दोन जामीनदार. समोरचे काका, वर्षानुवर्षं आपल्याकडे विरजण मागायला येतात. जामीन म्हटल्यावर त्यांचा गुडघा दुखायला लागला.

वाचनालयात एक निवृत्त बँकवाले भेटतात. ते म्हणाले, "वहिनी, नॉमिनी तुम्हीच ना? मग यातलं काहीच लागत नाही." रिझर्व्ह बँकेचं 9 जून 2005चं परिपत्रकच काढून दिलं त्यांनी. नॉमिनी असेल तर वारस दाखला, हमीपत्र, जामीनदार मागू नयेत, रक्कम कितीही असो. आणि 15 दिवसांत दावा निकालात काढावा.

साहेबांनी वाचलं, चष्मा पुसला. "माहीत आहे हो, पण ऑडिटला विचारतात." मी म्हटलं, "मग दाखला लागतो असं मला लेखी द्या." त्यांनी मुकाट्याने अर्ज ठेवून घेतला. अकराव्या दिवशी पैसे जमा.

त्या मुलीवर राग नाही माझा. उद्या अंगाशी येऊ नये म्हणून एक कागद जास्त मागून ठेवायचा, एवढंच शिकवलंय तिला.

पैसे माझ्या खात्यात आले तरी ते माझे एकटीचे नाहीत. नॉमिनी नुसता विश्वस्त. दिवाळीला याल तेव्हा तिघं बसून बोलू.

ॲफिडेव्हिट शेवटी कुणी पाहिलंच नाही. 'वरील दोन्ही नावे एकाच इसमाची आहेत', खाली माझी सही. फाडवेना, बाबांच्या फाइलीत ठेवलंय.

तुझ्या इथल्या खात्याला नॉमिनी कोण आहे? सूनबाईचं नाव माहेरचं लागलंय की सासरचं, ते आजच बघ.

तुझी,
आई