‘स्टॉल’ म्हणजे इंजिन बंद पडणे नव्हे

महोदय,

बारामतीच्या बाजूला एखादे शिकाऊ विमान शेतात उतरले, की ‘इंजिन स्टॉल झाल्याने विमान कोसळले’ अशी बातमी हमखास वाचायला मिळते. मोटारीचे इंजिन स्टॉल होते. विमानात मात्र स्टॉल होतो तो पंख. समोरून येणाऱ्या हवेशी पंखाचा कोन साधारण १५-१६ अंशांच्या पुढे गेला, की पंखावरचा हवेचा प्रवाह सुटतो आणि उचल ढासळते. इंजिन पूर्ण ताकदीने चालू असतानाही हे घडते.

उलट, इंजिन बंद पडलेले सेस्ना १७२ हे शिकाऊ विमान काही दगडासारखे पडत नाही. फ्लॅप (पंखामागच्या झडपा) वर घेऊन वेग ६८ नॉट (ताशी सुमारे १२६ किलोमीटर) राखला, तर वारा नसताना दर हजार फूट उंचीमागे ते सुमारे पावणेतीन किलोमीटर तरंगत जाते. शेत निवडायला तेवढा अवधी पुरतो. (उभ्या उसापेक्षा कापणी झालेले रान बरे, उसात चाके अडकून विमान उलटू शकते.)

घात होतो तो टेक-ऑफनंतर चार-पाचशे फुटांवर इंजिन गेले आणि वैमानिक धावपट्टीकडे माघारी वळला तर. १७२ एस (१७२ चेच एक मॉडेल) सरळ उडताना ४८ नॉटच्या आसपास स्टॉल होते. ४५ अंश कलून वळताना हाच आकडा ५७ होतो, ६० अंशांना ६८, म्हणजे नेमका तरंगण्याचा वेग! म्हणून नाक खाली करून समोरच, फार तर थोडे डावी-उजवीकडे, उतरायचे असते.

‘तांत्रिक बिघाड’ हा शब्दही फार सोयीचा. अनेकदा दोष यंत्रात नसून इंधनात असतो. अर्धवट भरलेल्या टाकीत रात्रीतून दव धरते आणि पाणी तळाशी बसते. म्हणून १७२ एसच्या प्रत्येक पंखाखाली पाच आणि नाकाखाली तीन, अशा १३ ठिकाणांहून थोडे थोडे इंधन काढून पाहतात. या विमानांचे १०० एलएल पेट्रोल निळे असते; नमुना सगळाच रंगहीन दिसला तर ते स्वच्छ इंधन नसून निव्वळ पाणीही असू शकते. जुन्या सेस्ना १५२ मध्ये कार्बुरेटर (हवा आणि इंधन मिसळणारा भाग) असतो. पावसाळी दमट हवेत, बाहेर २०-२५ अंश असतानाही, त्यात बर्फ धरतो आणि इंजिनाचे फेरे हळूहळू उतरतात. अशा वेळी कार्ब हीट (कार्बुरेटरला गरम हवा देणारी कळ) पूर्ण ओढायची.

बातमीदारांनी तीनच गोष्टी विचाराव्यात: इंजिन किती उंचीवर बंद पडले, तेव्हा वेग किती होता आणि टाकीत इंधन किती उरले होते.

– एक वाचक, हडपसर, पुणे