आई, काकींना खरं सांग

पुणे, भोसरी

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोन ठेवल्यावर मला बराच वेळ काही सुचेना. आई, तू सांगत होतीस की मळ्यातल्या काकी आल्या होत्या. त्यांच्या थोरल्याचं दारू पिणं आता सकाळी उठल्या उठल्या सुरू होतं, चहाची कपबशी धरवत नाही इतके हात थरथरतात, टेम्पो दोन महिने दारात उभा आहे. त्यांनी तुला विचारलं, "तुझ्या धाकट्यानं कशी सोडली गं?" आणि तू म्हणालीस, "त्यानं मनावर घेतलं आणि सोडली."

तू माझी लाज राखलीस, मला कळतं. पण ते खरं नाही गं. आता काकी घरी जाऊन पोराला म्हणणार, "बघ, त्याला जमलं, तुलाच कशी जमत नाही?" मी किती वेळा मनावर घेतलं होतं हे तुम्हा दोघांशिवाय कुणाला ठाऊक आहे? तुझ्या गळ्याची शपथ दोनदा. लेकीच्या डोक्यावर हात ठेवून एकदा. आणि बाबा, तुमच्यासोबत पंढरपूरला येऊन, चंद्रभागेत आंघोळ करून घातलेली माळ. यातली एकही शपथ खोटी नव्हती. घेताना दर वेळी मला खरंच सोडायची होती. माळ 19 दिवस टिकली. विसाव्या दिवशी मी ती काढून खिशात ठेवली आणि गुत्त्यावर गेलो. त्यानंतर तुम्ही माझ्याशी बोलणं टाकलंत, ते मी विठ्ठलाला फसवलं असं वाटून. बाबा, मी फसवलं नव्हतं. मी आजारी होतो, आणि आजारावर उपचार चालू नव्हते.

काकी पोराला चार दिवस खोलीत कोंडणार आहेत, असंही तू म्हणालीस. म्हणून हे पत्र लिहायला बसलो. त्यांना कोंडू देऊ नकोस. त्यासाठी आपल्या घरात काय झालं ते त्यांना सांगावं लागलं तरी सांग.

तुम्ही मला माडीवरच्या खोलीत ठेवून बाहेरून कडी घातली होती. पहिल्या दिवशी घाम आणि उलट्या. दुसऱ्या रात्री भिंतीवरून मुंग्यांची रांग उतरताना दिसायला लागली. मी अंगावरच्या मुंग्या झटकत होतो, तू कडी काढून आत आलीस, दिवा लावलास आणि म्हणालीस, "अरे, इथं एकसुद्धा मुंगी नाही." तेवढ्यात मला फिट आली. पुढचं तुम्हीच सांगितलंत, दात जिभेत रुतले होते, बाबांनी शेजारची जीप काढून साताऱ्याला नेलं. डॉक्टर म्हणाले होते की अजून उशीर झाला असता तर जीव गेला असता.

बाबा, त्या डॉक्टरांनी समजावलेलं तुम्हाला त्या गडबडीत नीट ऐकू आलं नसेल, म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो. तुम्ही 31 वर्षं एसटी चालवलीत. खंबाटकीच्या उताराला भरलेली गाडी एकदम ब्रेक दाबून थांबवत नाहीत, गिअर पाडत पाडत वेग मारतात. रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या दाबाखाली चालायला शिकलेला असतो. तो दाब एकाएकी गेला की मेंदू बेफाम सुटतो. शेवटच्या घोटानंतर काही तासांत थरथर सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काही जणांना भास, ताप, बेभानपणा येतो. त्यात माणूस दगावतो. म्हणून दवाखान्यात आधी बी-1 जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात आणि थरथर शमवणाऱ्या गोळ्या सुरू करून त्यांचा डोस रोज थोडा थोडा कमी करत नेतात. आठवडाभराचं काम आहे, पण डॉक्टरांच्या नजरेखालचं. काकींच्या पोराचे हात सकाळी थरथरतात म्हणजे तो याच टप्प्यावर आहे. त्यानं उद्यापासून आपल्या मनानं एकदम बंद करणंसुद्धा धोक्याचं आहे. आधी सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचार विभागात दाखवा म्हणावं.

आता पुडीबद्दल. आई, हे लिहिताना तुला दुखवायचं नाहीये. बाजारातल्या त्या माणसाकडून तू पुडी आणलीस, "न सांगता जेवणातून द्या, आपोआप सुटेल" असं त्यानं सांगितलं होतं. तू ती वरणात कालवलीस. मी वरणभात खाऊन बाहेर पडलो आणि दोन पेग झाल्यावर तोंड लालभडक झालं, छाती धडधडायला लागली, डोळ्यांपुढं अंधारी आली, रस्त्याकडेला पडलो. पुडीत डायसल्फिराम नावाची गोळी कुटून घातली असावी, असा डॉक्टरांचा संशय होता. हे औषध खरं आहे, मानसोपचारतज्ज्ञही देतात. ते पोटात असताना दारू प्यायली तर दारूतून तयार होणारं विष शरीरात साचतं. पण ते पेशंटला सगळं समजावून, त्याच्या संमतीनं, तपासण्या करून द्यायचं असतं. कारण बंद केल्यावरही त्याचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो आणि ज्याला माहीतच नाही तो पिणारच. तू माझ्यासाठी केलंस, रडत रडत केलंस, मला त्याचा राग नाही. काकींनी तीच पुडी आणू नये, एवढंच.

आणि मग मुक्तांगण, ते व्यसनमुक्ती केंद्र. गावात तुम्ही "पुण्याला कंपनीच्या ट्रेनिंगला गेलाय" असं सांगितलंत. मी 35 दिवस येरवड्याला होतो. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 1986 साली ते सुरू केलं, पु. ल. देशपांड्यांच्या मदतीनं. बाबा, तुम्ही कॅसेटवर पुलं ऐकत बसायचात म्हणून मुद्दाम लिहितो. तिथं मला कुणी दारुडा म्हणून हिणवलं नाही. तिथले बरेच कार्यकर्ते एके काळी माझ्यासारखेच पिणारे. पहिल्या दिवशी ज्यानं माझी बॅग तपासली तो म्हणाला, "मीपण याच दारातून आलो होतो, हात असेच हलत होते." मी त्याच्या हातांकडं बघत राहिलो. त्यानं माझं नाव वहीत लिहिलं, अक्षर सरळ, एका रेषेत. आई, मला त्या क्षणी पहिल्यांदा वाटलं की हे होऊ शकतं.

पण पस्तीस दिवसांनी माणूस बरा होऊन येतो असं काकींना वाटायला नको. तुमच्यापासून एक गोष्ट मी लपवली आहे. मुक्तांगणातून आल्यावर चार महिन्यांनी एका हळदीच्या कार्यक्रमात मी एक ग्लास घेतला. एका ग्लासाचे सहा दिवस झाले. आमच्यात याला स्लिप म्हणतात. सहाव्या दिवशी तुमच्या सुनेनं मला आरडाओरडा न करता फोन हातात दिला आणि म्हणाली, "तुझ्या स्पॉन्सरला लाव." ती तोवर पिणाऱ्यांच्या घरच्यांच्या सभांना जायला लागली होती, तिथं शिकली होती. मी फोन लावला. तो माणूस रात्री साडेअकराला भोसरीत आला, माझ्याशेजारी बसला आणि सकाळी मला दवाखान्यात घेऊन गेला. त्या दिवसापासून मोजतो मी. येत्या महिन्याच्या 14 तारखेला एक वर्ष होईल.

स्पॉन्सर म्हणजे ए. ए. मधला आपल्या आधी सावरलेला माणूस. ए. ए. म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस. 1935 साली अमेरिकेत अॅक्रन गावी दोन पिणाऱ्यांनी सुरू केलं, एक शेअर बाजारातला आणि एक सर्जन. दोघांच्या लक्षात आलं की दुसऱ्या पिणाऱ्याशी बोलत बसलं की आपली तलफ टळते. बाकी सगळं त्यातून उभं राहिलं. आमची मीटिंग एका शाळेच्या वर्गात भरते. पहिली-दुसरीची बाकं, गुडघे मावत नाहीत. फी नाही. शेवटी एक पिशवी फिरते, ज्याला जमेल त्यानं चहापाण्याला टाकायचं. रिक्षावाला असतो, बँकेतला साहेब असतो, आडनाव कुणी विचारत नाही. "फक्त आजचा दिवस" म्हणायचं आणि घरी यायचं. जन्मभराची शपथ मला पेलली नाही, आजच्या दिवसाची पेलते.

बाबा, तुम्ही पतसंस्थेचं माझं कर्ज निवृत्तीच्या पैशातून फेडलंत. कंपनीत फोन करून "काविळीनं आजारी आहे" म्हणालात, तेही तीनदा. तुम्ही मला वाचवत होतात. पण त्यामुळे मला माझ्या पिण्याची किंमत कधी मोजावीच लागली नाही. तुमच्या सुनेनं पगाराचं कार्ड काढून घेतलं आणि "उपचार घेणार असशील तर मी सोबत आहे, नाहीतर मी लेकीला घेऊन माहेरी जाते" म्हणाली, तेव्हा मी हललो. तुम्हाला त्या वेळी ती कठोर वाटली. कठोर नव्हती. काकींना हेही सांग, पैसे देणं थांबवा पण त्याला घरातून हाकलू नका. आणि आई, पिणाऱ्याच्या घरच्यांसाठीही गट असतात, अल-अनॉन म्हणतात, 1951 पासून चालू आहेत. तिथं पहिल्यांदा सांगतात की त्याच्या पिण्याला तुम्ही कारण नाही. तुला हे ऐकायची गरज आहे. तू अजून रात्री देवापुढं "माझंच काही चुकलं" म्हणतेस, मला माहीत आहे.

काकींच्या हातात लिहून दे, 14446. व्यसनमुक्तीसाठी सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, जवळचं केंद्र सांगतात. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा, मराठीत बोलतात. केंद्र निवडताना आधी स्वतः जाऊन बघा म्हणावं, डॉक्टर येतात का, घरच्यांना भेटू देतात का. मारहाण करणारी, साखळीनं बांधणारी ठिकाणंही असतात. केंद्र सरकारनं 2019 साली जाहीर केलेल्या पाहणीत दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या दर 38 जणांमागे एकालाच कसलाही उपचार मिळाल्याचं आढळलं. मी त्या एकात आलो, कारण तुम्ही दोघं आणि घरची लक्ष्मी. उरलेल्या 37 जणांत काकींचा पोरगा आहे. लहानपणी त्यानंच मला विहिरीत पोहायला शिकवलं.

त्याला एकदा फोन लावून दे. मी उपदेश करणार नाही. माझ्या मुंग्यांचं सांगेन.

आई, गणपतीत मी आलो तेव्हा दारातच तू मला जवळ घेतलंस आणि हळूच वास घेतलास. मला कळलं होतं. घेत जा. वर्षानुवर्षं मी तुला तशी सवय लावली आहे, ती जायला वेळ लागेल. फक्त चोरून नको, सरळ विचार, मी सरळ उत्तर देईन.

14 तारखेला मीटिंगमध्ये माझा वर्षाचा वाढदिवस आहे. घरच्यांना बोलावता येतं. तुम्ही दोघांनी यावं अशी फार इच्छा आहे. आदल्या दिवशी सकाळची स्वारगेट गाडी धरा, मी स्टँडवर असेन. बाबांच्या बीपीच्या गोळ्या विसरू नका.

बाबा, ती माळ तुम्ही देव्हाऱ्यात समईमागं ठेवली आहे. गणपतीत मी पाहिली. तिथंच राहू दे. मी मागेन.

तुमचा,
धाकटा