शिक्षकांचे मत आणि मुलांचा बुद्ध्यंक

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

शिक्षकाने मुलाला ‘ढ’ ठरवले की ते ढच होते, हे विधान शिक्षणविषयक व्याख्यानांत इतक्या खात्रीने केले जाते की त्यामागचा प्रयोग तपासून पाहण्याच्या फंदात सहसा कोणी पडत नाही. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट रोझेन्थाल आणि मुख्याध्यापिका लेनोर जेकबसन यांनी कॅलिफोर्नियातील एका प्राथमिक शाळेत केलेला हा प्रयोग १९६८ मध्ये पुस्तकरूपाने आला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी सुमारे एक-पंचमांश मुले निवडून, ती यंदा बौद्धिक झेप घेणार आहेत असे शिक्षकांना खोटेच सांगण्यात आले. वर्षअखेरीस पहिलीतील या मुलांचा बुद्ध्यंक सरासरी २७ गुणांनी वाढला, तर वर्गातील इतरांचा १२ गुणांनी.

हे आकडे सर्वतोमुखी झाले. तिसरी ते सहावीच्या वर्गांत असा ठळक फरक आढळला नव्हता, हे मात्र मागे पडले. शिवाय कोणत्याही मुलाला ‘ढ’ म्हणून शिक्षकांपुढे ठेवलेच नव्हते; तेव्हा त्या विधानाला या प्रयोगाचा आधार कसा मिळतो, हे मला उमगलेले नाही.

पुढे शिक्षण-संशोधक स्टीफन राउडेनबुश यांनी १९८४ मध्ये अशा १८ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. शिक्षक मुलांना दोन आठवड्यांहून अधिक काळ ओळखत असतील, तर बाहेरून पुरवलेल्या खोट्या माहितीचा परिणाम जवळजवळ उरत नाही, असे त्यात दिसले. अनेक वर्षे पहिलीला शिकवल्यामुळे मला याचे नवल वाटले नाही. जूनमध्ये आपण बांधलेले अंदाज गणपतीच्या सुट्टीपर्यंत मुलेच मोडीत काढतात. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ ली जसिम यांचेही म्हणणे असे की, शिक्षकांची अपेक्षा आणि मुलांचे पुढचे यश जुळते, ते मुख्यतः शिक्षकांची पारख बरोबर असते म्हणून.

पूर्वग्रह नसतातच असे मी म्हणत नाही. गरीब आणि आधीच मागे पडलेल्या मुलांवर शिक्षकांच्या मताचा परिणाम अधिक होतो, असे जसिम यांच्याच अभ्यासात आढळले आहे, आणि तेथे सावध राहायलाच हवे. पण माणसाच्या चुका शोधण्यासाठीच प्रयोग रचायचे, चूक सापडली की तिची मोठी बातमी करायची आणि बरोबर निघालेल्या उत्तरांची मोजदादही करायची नाही, ही रीत शास्त्राला शोभत नाही. शिक्षक-प्रशिक्षणाच्या वर्गांत हा प्रयोग जरूर सांगावा. फक्त पहिलीच्या आकड्यांबरोबर तिसरी ते सहावीचे निष्कर्षही फळ्यावर लिहावेत.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, सांगली