खासगी मालकाकडून मोटरहोम भाड्याने घेताना ताब्याची घाई नको

संपादक महोदय,

सुटीच्या तोंडावर मोटरहोमवरचे, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाड्यांवरचे, लेख येऊ लागतात. त्यांत देखणी छायाचित्रे असतात, दरांची तुलना असते आणि ‘कंपनीपेक्षा खासगी मालकाकडून भाड्याने घ्या, स्वस्त पडेल’ असा सल्लाही असतो. सल्ला चुकीचा नाही. फक्त खासगी मालकाच्या गाडीची तपासणी बहुधा तो स्वतःच, सवड मिळेल तशी करत असतो. शिवाय गाडीच्या खोडी त्याच्या अंगवळणी पडलेल्या असतात. दार जरा उचलून लावायचे, पंपाचे बटण दोनदा दाबायचे, हे सांगायचे असते हेच त्याच्या लक्षात येत नाही. म्हणून ताबा घेताना दीड-दोन तास मागून घ्यावेत आणि प्रत्येक यंत्रणा त्याच्यासमोर स्वतःच्या हाताने चालवून पाहावी. ‘सगळं सोपं आहे, अडलं तर फोन करा’ म्हणत पंधरा मिनिटांत किल्ली हातात ठेवणारा मालक टाळलेला बरा.

त्याआधी विमा. खासगी वापरासाठी काढलेली मालकाची पॉलिसी गाडी भाड्याने दिली की बहुतेक वेळा लागू राहत नाही, आणि भाडेकरूच्या स्वतःच्या कारचा विमाही अशा गाडीला सहसा धरत नाही. ‘गाडीचा फुल इन्शुरन्स आहे’ या वाक्याला म्हणूनच अर्थ नाही. भाड्याच्या तारखा, गाडीचा नोंदणी क्रमांक आणि चालवणाऱ्या प्रत्येकाचे नाव असलेला कागद मागावा. त्यात वगळलेल्या बाबी आधी वाचाव्यात. टायर, काच, छत, गाडीचा तळ आणि बाहेर ओढायचा छज्जा या बाबी अनेकदा तिथेच सापडतात, आणि नुकसानही नेमके त्यांचेच जास्त होते. गाडी एखाद्या संकेतस्थळावरून घेत असाल तर तिथला विमा तिथेच बुकिंग केले आणि पैसे भरले तरच मिळतो. ‘बाहेरून व्यवहार करू, कमिशन वाचेल’ हे मान्य केले की विमाही गेला आणि तक्रारीची जागाही. नोंदणीच्या कागदावरचे नाव, चासी क्रमांक आणि समोरचा माणूस यांचा मेळ बसल्याशिवाय अनामत देऊ नये. रस्त्यावरील मदतसेवा त्या गाडीच्या लांबी-वजनाला चालते का, हेही विचारावे. साध्या कारसाठीचे टोइंग वाहन अशा गाडीपुढे निरुपयोगी ठरते.

टायरवर मात्र वेळ घालवावा. या गाड्या वर्षातला बराच काळ उभ्या असतात. त्यामुळे नक्षी नव्यासारखी दिसते आणि रबर मात्र वाळलेले असते. टायरच्या बाजूला ‘डीओटी’ या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या संकेताच्या शेवटी चार आकडे असतात. 2318 म्हणजे 2018 सालचा 23वा आठवडा. हे आकडे कधी कधी टायरच्या आतल्या बाजूलाच असतात, तेव्हा विजेरी घेऊन गाडीखाली वाकावे. पाच-सहा वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी व्हायला हवी आणि दहा वर्षांचा टायर कितीही चांगला दिसला तरी बाद समजावा. मागे जोडचाके असतील तर आतल्या टायरची हवा गेलेली डोळ्यांना कळत नाही. सगळा भार बाहेरच्या टायरवर येतो, तो तापतो आणि फुटतो. हवेचा दाब टायर थंड असताना, दाबमापक लावूनच पाहावा. स्टेपनी आहे का, हा प्रश्न बाळबोध वाटेल, पण बऱ्याच मोटरहोममध्ये ती नसतेच.

वजनाचा हिशेब फारसे कोणी करत नाही. कमाल मान्य वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की उरते ते माणसे, पाणी आणि सामान यांच्यासाठी. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. चार प्रौढ माणसे आणि भरलेली टाकी धरली की छोट्या गाडीत सामानाला फारसे काही उरत नाही. शंका असेल तर भरलेली गाडी वजनकाट्यावर न्यावी.

विजेबाबत सर्वाधिक गैरसमज आहेत. मालकाच्या दारात गाडी बाहेरच्या विजेला जोडलेली असते, त्यामुळे आतले सारे झगझगीत दिसते. ताबा सुरू होताच ती केबल काढायला सांगावी. दिवे आणि पंप अर्धा तास चालवून, मग सगळे बंद करून थोड्या वेळाने घरगुती बॅटरीचे (इंजिनच्या नव्हे, आतले दिवे-पंप चालवणाऱ्या) व्होल्ट मोजावेत; केबल काढल्याबरोबर घेतलेले माप फसवे, चढे येते. लेड-अॅसिड बॅटरी भरलेली असेल तर 12.6 ते 12.7, निम्मी उतरली तर सुमारे 12.2 आणि 12.0 म्हणजे पाव उरली. ती निम्म्याखाली वारंवार उतरवली की लवकर मरते, म्हणून 100 अँपिअर-तासांच्या (म्हणजे 1 अँपिअर 100 तास पुरवणाऱ्या) बॅटरीतून हाताशी येतात 50. लिथियम बॅटरीचे व्होल्ट शेवटपर्यंत फारसे हलत नाहीत, तिथे किती वीज उरली ते दाखवणारा पडदाच पाहावा लागतो. छतावरचा एसी सुमारे 1500 वॅट खातो. 12 व्होल्टवर ते 125 अँपिअर झाले, म्हणजे ते 50 अँपिअर-तास अर्ध्या तासाच्या आत संपतात. तेव्हा एसी हवा तर बाहेरची वीज हवी किंवा जनरेटर, आणि जनरेटरच्या तासांचे भाडे वेगळे असते. किलोमीटरच्या आकड्याशेजारी त्या तासांचा आकडाही लिहून घ्यावा.

गॅस आणि वीज दोन्हींवर चालणाऱ्या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर नसतो. अमोनियाचे द्रावण उताराने फिरत राहते. गाडी कलती उभी राहिली की ते तुंबते, बॉयलर जास्त तापतो आणि यंत्रणा कायमची बिघडू शकते. पाणसळ ठेवून गाडी सपाट करणे हा हौशी सोपस्कार नव्हे. असा फ्रिज थंड व्हायला बरेच तास लागतात. मालकाला आदल्या रात्री सुरू करायला सांगावे आणि ताब्याच्या वेळी आत थर्मामीटर ठेवून 5 अंशांखाली आहे का ते पाहावे. गॅसच्या जोडांवर साबणाचा फेस लावावा. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत झरोके ठेवलेले असतात. त्यांवर गालिचा वा बॅगा नकोत. गॅस आणि कार्बन मोनॉक्साइडच्या इशारायंत्रांनाही मुदत असते. बटण दाबून आवाज ऐकावा, यंत्राच्या मागे छापलेली तारीख वाचावी.

शौचाची टाकी हा विषय ताब्याच्या वेळी लाजेने उरकला जातो. भांडी-अंघोळीचे सांडपाणी आणि शौचाचे पाणी यांच्या टाक्या वेगळ्या असलेल्या गाडीत शौचाच्या टाकीची झडप कायम बंदच ठेवावी. उघडी ठेवली तर पाणी वाहून जाते, घट्ट भाग साचून ढीग होतो आणि तो मग सहजी हलत नाही. सुरुवातीला थोडे पाणी ओतावे, दोन-तृतीयांश भरल्यावर आधी ती रिकामी करावी आणि नंतर सांडपाण्याची, म्हणजे नळी आपोआप धुतली जाते. दर्शक दिव्यांवर विसंबू नये. आत कागद चिकटला की रिकामी टाकीही भरलेली दिसते.

शेवटी ओल. गादीखाली, कपाटांच्या वरच्या कोपऱ्यांत आणि खिडक्यांच्या कडांना अंगठ्याने दाबावे. लाकूड मऊ लागले किंवा कुबट वास आला तर तिथला व्हिडिओ काढून मालकालाच पाठवावा, नाहीतर परतीच्या दिवशी ती ओल तुमच्या नावावर चढते. छतावरही मोबाइल फिरवावा. गाडीची उंची मीटरमध्ये, एसीसकट, लिहून चालकासमोर चिकटवावी. मागच्या चाकांमागे बाहेर आलेला भाग वळताना उलट्या बाजूला झोकतो, हे पहिल्या वळणाआधी रिकाम्या मैदानात अनुभवावे. छज्जा वाऱ्यात, पावसात आणि झोपताना गुंडाळलेलाच असावा.

आपल्या पर्यटन पुरवणीला एक विनंती आहे. दरांच्या चौकटीत टायरचे वर्ष, बॅटरीचा प्रकार आणि क्षमता, उरलेली वजनक्षमता आणि विम्यातून वगळलेल्या बाबी असे चार रकाने वाढवावेत. ही माहिती द्यायला मालकाला दहा मिनिटे लागतात. जो देणार नाही, त्याचा रकाना रिकामा छापावा.

– एक वाचक